क्रीडापत्रकाराचे महाविद्यालय : सीमाभागातील एका निवडीचा विचार

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कोणत्याही जुन्या वाचनालयाच्या वृत्तपत्र-कक्षात सकाळी थोडा वेळ बसले, तर वाचकांच्या दोन जाती सहज ओळखू येतात. काही वाचक पहिल्या पानापासून आरंभ करतात, तर काही वृत्तपत्र उलटे धरून शेवटच्या पानाकडे, म्हणजे खेळाच्या पानाकडे, आधी वळतात. ही दुसरी जात बहुधा वयाने लहान असते. वडीलधाऱ्या मंडळींना तिचे कौतुक नसते. ‘खेळाच्या बातम्या वाचून पोट भरते काय?’ हा प्रश्न त्यांनी कधी ना कधी विचारलेला असतो. परंतु या मुलांपैकी एखादा मुलगा किंवा मुलगी बारावीच्या उंबरठ्यावर घरच्यांना सांगते, की वाचनावर न थांबता हे पान लिहिण्याचा व्यवसाय करायचा आहे. आणि मग त्या घरात खरोखरीचा पेच उभा राहतो. क्रीडापत्रकार होण्यासाठी कोणत्या महाविद्यालयात जावे? आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. आणि तो पांढुर्णा-सौंसरच्या भूमीवरून पाहावयाचा आहे, कारण तेथे या प्रश्नाला जी धार येते ती पुण्या-मुंबईच्या घरात येत नाही.

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके म्हणजे मध्यप्रदेशाच्या नकाशातील मराठी कोपरा होय. संत्र्यांच्या बागा, पोळ्याचा सण, घरातील वऱ्हाडी वळणाची बोली, लग्नसंबंध आणि बाजारहाट या सर्वांचा ओढा नागपूरकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर, जे तोवर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होते, ते मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला. राजधानी शंभर किलोमीटरच्या आतबाहेर होती ती त्याच्या जवळजवळ तिप्पट अंतरावर, भोपाळला गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. जिल्हा कचेरी जवळ आली खरी. पण येथील विद्यार्थ्यापुढचा जुना दुरस्ता तसाच राहिला आहे. शिक्षण बव्हंशी हिंदीतून, घर मराठीत; गुणपत्रिका मध्यप्रदेशाची, मनातले शहर नागपूर. ज्याचा व्यवसायच भाषेवर चालावयाचा आहे, त्याने पाऊल कोणत्या दिशेला टाकावे?

महाविद्यालयाचा विचार करण्यापूर्वी या व्यवसायाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. एके काळी सामना कोण जिंकला हे कळविणे हेच क्रीडावृत्ताचे मुख्य काम होते. आज धावफलक प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीवर क्षणाक्षणाला उमटतो. त्यामुळे ‘काय झाले’ हे सांगणाऱ्याची गरज उरली नाही. ‘का झाले’ आणि ‘त्याचा अर्थ काय’ हे सांगणाऱ्याची उरली आहे. त्यासाठी खेळाचे नियम आणि तंत्र ठाऊक हवे, आकडे वाचता यायला हवेत, कायद्याचे जुजबी ज्ञान हवे. खेळाडूचे वय चोरणे, निवडचाचणीतील पक्षपात, उत्तेजक द्रव्यांचे सेवन, क्रीडांगणावर होणारे अतिक्रमण हेही क्रीडापत्रकारितेचेच विषय आहेत. त्यांवर पुराव्याशिवाय लिहिणारा स्वतः अडचणीत येतो आणि पुरावा असूनही न लिहिणारा खेळाडूचे नुकसान करतो.

आता ज्यांनी या क्षेत्रात नाव मिळविले त्यांची शिक्षणे पाहिली, तर पालकांना आश्चर्य वाटेल. हैदराबादच्या मराठी घरातले हर्षा भोगले रसायन अभियांत्रिकी शिकले आणि पुढे अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत गेले. मराठी वाचकाला क्रिकेटची गोडी लावणारे द्वारकानाथ संझगिरी, ज्यांचे फेब्रुवारी २०२५ मध्ये निधन झाले, ते स्थापत्य अभियंता होते आणि त्यांनी मुंबई महापालिकेत नोकरी केली. बाळ ज. पंडित आधी स्वतः महाराष्ट्राकडून खेळले आणि मग त्यांनी आकाशवाणीवरून मराठी समालोचनाची भाषा घडविली. १९६२ साली सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये क्रीडाविषयाला हक्काचे पान मिळवून देणारे वि. वि. करमरकर यांनी क्रिकेटच्या बरोबरीने कबड्डी-खोखोसारख्या देशी खेळांनाही वृत्तपत्रात प्रतिष्ठा दिली. मार्च २०२३ मध्ये ते निवर्तले तेव्हा मराठी क्रीडापत्रकारितेचे जनक म्हणूनच त्यांचे स्मरण झाले.

आणि सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधले. नेव्हिल कार्डस हा मँचेस्टरच्या गरीब वस्तीतला मुलगा. शाळा कोवळ्या वयातच सुटली. महाविद्यालयाचे तोंड त्याने पाहिले नाही. त्याचे सारे शिक्षण शहराच्या मोफत सार्वजनिक ग्रंथालयांत झाले. पुढे १९१७ साली तो ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये लागला, १९१९ पासून क्रिकेटवर लिहू लागला, त्याच वृत्तपत्रात संगीतसमीक्षाही करू लागला, आणि १९६७ साली त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. इंग्रजीत क्रीडालेखनाला वाङ्मयाचा दर्जा मिळाला त्याचे पुष्कळसे श्रेय त्याच्याकडे जाते. शताब्दी साजरी करणाऱ्या वाचनालयाच्या सभासदांना याहून अधिक समाधानाची गोष्ट कोणती असणार!

परंतु या उदाहरणांवरून ‘महाविद्यालय कोणतेही चालते’ असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. भोगले किंवा संझगिरी यांच्याजवळ लेखणी चालली नाही तर उपजीविकेचे दुसरे साधन होते, आणि मोठ्या शहराचा शेजार होता. पांढुर्ण्याच्या संत्राबागायतदाराच्या किंवा सौंसरच्या छोट्या दुकानदाराच्या घरी एका मुलाच्या शिक्षणावर एकदाच पैसा लावता येतो. बागेचा एक बहर गेला तर पुढच्या वर्षाचे शुल्क अडते. त्या घराला विचारपूर्वक निवड करणे भागच आहे.

मग उपलब्ध वाटा कोणत्या? पहिली भोपाळची. मध्यप्रदेश विधिमंडळाच्या १९९० च्या अधिनियमाने तेथे माखनलाल चतुर्वेदी यांच्या नावाने पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. मध्यप्रदेशच्या रहिवाशाला ते आपल्या राज्याचे विद्यापीठ आहे. शुल्क, शिष्यवृत्ती व राखीव जागा यांबाबत याचा अर्थ मोठा असतो. शिक्षणाचे मुख्य माध्यम हिंदी, आणि हिंदी वृत्तपत्रसृष्टीचा विस्तार मराठीपेक्षा कितीतरी अधिक. म्हणून नोकरीच्या दृष्टीने ही वाट सरळ आहे.

दुसरी वाट नागपूरची. पत्रकारितेच्या शिक्षणाची या शहरातील परंपरा जुनी आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ च्या सुमारास पत्रकारितेचा विभाग निघाला. रोलंड वूल्झली हे अमेरिकन प्राध्यापक तेथे शिकवावयास आले होते. भारतात पत्रकारितेचे शिक्षण देणाऱ्या पहिल्या काही विभागांत त्याची गणना होते. नागपूर विद्यापीठातही जनसंवादाचा विभाग आहे. नागपुरात वृत्तपत्रकचेऱ्यांची वाण नाही, आणि तीन भाषांतील वृत्तपत्रे एकाच शहरात निघतात. १९११ पासूनचा इंग्रजी ‘हितवाद’, मराठी ‘तरुण भारत’ आणि ‘लोकमत’, हिंदी ‘नवभारत’ ही नावे पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाला सांगावी लागत नाहीत. शिवाय खेळही तेथे आहे. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा रणजी करंडक स्पर्धा जिंकली. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ साली धनुर्विद्येत जागतिक अजिंक्यपद मिळविले. आणि नागपूरच्याच दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. शिकणाऱ्याला लिहिण्याजोगे काही शेजारीच घडत असणे, हा कोणत्याही अभ्यासक्रमाहून मोठा लाभ आहे.

तिसरी वाट अमरावतीची. भारतीय जनसंचार संस्था ही १९६५ साली दिल्लीत स्थापन झालेली केंद्र शासनाची संस्था. तिचे एक केंद्र अमरावतीला असून तेथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू करण्यात आला. पांढुर्ण्याहून नरखेडला गाडी बदलली की लोहमार्गाने अमरावतीच्या बाजूला जाता येते. त्याच शहरात १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. पत्रकारितेचा वर्ग आणि शारीरिक शिक्षणाचे माहेरघर एकाच गावी असणे, ही क्रीडापत्रकार होऊ पाहणाऱ्याला चालून आलेली संधीच म्हटली पाहिजे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठीय विभाग मराठी पत्रकारितेत नावाजलेला आहे. पण अंतर आणि राहण्याचा खर्च ही त्याची बाजू विसरता येत नाही.

येथेच सीमाभागातील घरांना एक इशारा देणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातील राज्य विद्यापीठांत मध्यप्रदेशचा विद्यार्थी सामान्यतः परप्रांतीय ठरतो. घरात मराठी बोलली जाते, आजोळ काटोलचे आहे, याला प्रवेशाच्या खिडकीवर काही किंमत नसते. तेथे अधिवासाचा दाखला लागतो. जातीच्या दाखल्याचेही तसेच. मध्यप्रदेशात मिळालेल्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या राज्यसंस्थेत राखीव जागेचा लाभ सहसा मिळत नाही. राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्यांनाही त्या त्या राज्याच्या अटी असतात. केंद्राच्या संस्थेत मात्र केंद्राचे नियम लागू होतात. ही माहिती प्रवेश-अर्जाच्या आधी हाती असली तर मनस्ताप वाचतो. नंतर कळली तर वर्ष जाते.

संस्था पारखावी कशी? माहितीपत्रकातील रंगीत चित्रांवरून ती पारखता येत नाही. त्यापेक्षा एक दिवस खर्चून संस्थेत जावे आणि थोडेच पण नेमके प्रश्न विचारावेत. विद्यार्थी स्वतःचे सराव-वृत्तपत्र काढतात काय, आणि त्याचा शेवटचा अंक कधी निघाला? आठवड्याला किती बातम्या लिहून घेतल्या जातात, आणि त्या तांबड्या शाईने दुरुस्त करून परत मिळतात काय? शिकविणाऱ्यांत वृत्तपत्रकचेरीत काम केलेले कितीजण आहेत? उमेदवारीसाठी पाठविले जाते ते क्रीडाविभागात की जाहिरात विभागात? ग्रंथालयात वृत्तपत्रांचे जुने बांधीव खंड आहेत काय? आणि पदवीला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे काय? ‘क्रीडापत्रकारिता’ हा शब्द फलकावर असल्यामुळे दुप्पट शुल्क घेणाऱ्या खाजगी संस्थेपेक्षा, हा शब्द कोठेही नसलेला पण दुरुस्त केलेल्या बातम्या हाती देणारा साधा विभाग शतपटीने बरा.

आता भाषेचा प्रश्न. मराठी की हिंदी, असा तो बहुतेक वेळा मांडला जातो. वस्तुतः मांडणीच चुकीची आहे. या प्रदेशाचा इतिहास निराळेच सांगतो. माधवराव सप्रे हे मराठी घरातले. जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरियाचा. त्यांनी १९०० साली पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, १९०७ साली नागपुरातून ‘हिंदी केसरी’ चालविला, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. ज्या माखनलाल चतुर्वेदींच्या नावाने भोपाळचे विद्यापीठ आहे, त्यांना ‘कर्मवीर’च्या संपादनाकडे आणण्यात सप्र्यांचाच वाटा होता. इंदूरच्या ‘नई दुनिया’ला हिंदी पत्रकारितेत मानाचे स्थान देणारे संपादक राहुल बारपुते हेही मराठीच. त्याच ‘नई दुनिया’च्या परंपरेतून आलेले प्रभाष जोशी पुढे ‘जनसत्ता’चे संस्थापक-संपादक झाले आणि राजकारणाइक्याच आत्मीयतेने क्रिकेटवर लिहीत राहिले, ५ नोव्हेंबर २००९ रोजी सचिन तेंडुलकरची १७५ धावांची खेळी पाहिल्यानंतर त्याच रात्री त्यांचे निधन झाले. क्रीडांगणही या सीमेला फारसे जुमानत नाही. विदर्भाला लागोपाठ दोन रणजी करंडक मिळाले तेव्हा संघाचे प्रशिक्षक असलेले चंद्रकांत पंडित यांनीच २०२२ साली मध्यप्रदेशला पहिला करंडक मिळवून दिला, आणि तोही अंतिम सामन्यात मुंबईला हरवून.

तेव्हा सीमाभागातील मुलाच्या दोन भाषा हे त्याचे भांडवल आहे. मात्र दोन भाषा येणे आणि दोन भाषांत लिहिता येणे यांत फरक असतो. घरात बोलली जाणारी मराठी लेखी मराठीला पुरत नाही. शाळेतील हिंदी वृत्तपत्रीय हिंदीला पुरत नाही. यावर एक साधा व्यायाम आहे. तालुक्याला कबड्डीचा सामना झाला की त्याचे वृत्त दोनशे शब्दांत मराठीत लिहावे आणि दोनशे शब्दांत हिंदीत. एकाचे दुसऱ्यात भाषांतर करू नये. चढाई, पकड, लोण हे शब्द ज्याने मैदानाच्या कडेला बसून ऐकले आहेत, त्याचे वृत्त वाचताना डोळ्यांपुढे खेळ उभा राहतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खोखोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. अशा खेळांवर जाणतेपणाने लिहू शकणारी माणसे थोडी आहेत. क्रिकेटवर लिहू इच्छिणारी अगणित आहेत. नवशिक्याने हेही ध्यानात ठेवावे.

आणि आता सर्वांत अवघड गोष्ट. पांढुर्ण्याहून कोणताही मुलगा कोणत्याही पत्रकारिता महाविद्यालयात गेला, की पहिल्याच आठवड्यात त्याला एक प्रश्न विचारला जाणार: ‘तुमच्याकडे ती दगडफेक होते, ती काय आहे?’ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरकडची मुले तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल मिरवीत असतात त्याच दिवशी, जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि एका काठावरून पांढुर्णेकर व दुसऱ्या काठावरून सावरगावकर एकमेकांवर गोटे मारतात. पळून जाणाऱ्या एका प्रेमी युगुलाची दंतकथा तिच्यामागे सांगितली जाते. शेवटी झेंडा चंडीमातेच्या चरणी जातो. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. आजवर कित्येकांनी जीव गमावला आहे. जमावबंदीचे हुकूम निघाले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहण्यात आले. गोटे थांबले नाहीत.

वृत्तपत्रे याला कधी ‘खेळ’ म्हणतात आणि गोटे मारणाऱ्यांना ‘खेळाडू’. येथे क्रीडापत्रकाराच्या विवेकाची परीक्षा आहे. खेळ म्हणजे नियम, पंच, प्रतिस्पर्ध्याच्या देहाविषयी आदर, आणि शिटी वाजली की थांबणे. ज्यात यांतले काहीच नाही त्याला खेळ म्हणावे काय? परंतु बाहेरगावचा वार्ताहर येऊन ‘रानटी प्रकार’ असे दोन शब्द लिहून जातो, तेही पत्रकारितेचे काम नव्हे. श्रद्धेने झेंड्याला हात जोडणारी म्हातारी आणि नशेत दगड उचलणारा तरुण यांना एकाच वाक्यात बसविता येत नाही. खरा वार्ताहर त्या दिवशीचा जखमींचा आकडा लिहून थांबणार नाही. तो दिवाळीत पुन्हा त्या घरी जाईल. ज्याचा डोळा गेला त्याला पुढे काम मिळाले काय, ज्या घरातला कर्ता गेला ते घर कसे चालते, हे विचारील. हे विचारणे परक्याला जमणार नाही, कारण त्याला कोणी दार उघडणार नाही. आणि गावच्या मुलाला ते जड जाईल, कारण दगड मारणाऱ्यांत त्याचा चुलतभाऊही असेल. आपल्या गावाविषयी सत्य लिहून पुन्हा त्याच गावात तोंड दाखविता येणे, हे कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवीत नाहीत. परंतु ज्या महाविद्यालयात या प्रश्नावर वर्गात प्रामाणिक वादविवाद होऊ शकतो, जेथे शिक्षक ‘खेळाडू’ या शब्दाखाली तांबडी रेघ ओढून ‘हा शब्द का वापरलास?’ असे विचारतो, ते महाविद्यालय या मुलासाठी योग्य होय.

एवंच, व्यवहार्य सल्ला द्यावयाचा तर तो असा. प्रथम पदवी घरापासून फार दूर न जाता, इतिहास, अर्थशास्त्र, विधी, संख्याशास्त्र अथवा साहित्य यांपैकी मन रमेल त्या विषयात घ्यावी. छिंदवाड्याला २०१९ साली स्वतंत्र विद्यापीठ झाले आहे, आणि नागपूर जवळच आहे. त्या काळात प्रत्येक तालुकास्पर्धेला वही घेऊन हजर राहावे, दोन भाषांत लिहावे, छापून येवो वा न येवो. मग पदवीनंतर, हाताशी कात्रणांची एक वही असताना, भोपाळ, अमरावती, नागपूर अथवा दिल्ली यांपैकी जेथे प्रवेश मिळेल आणि घराला झेपेल तेथे पत्रकारितेचे एक-दोन वर्षांचे शिक्षण घ्यावे. असे केल्याने मन बदलले तरी पदवी वाया जात नाही. न बदलले तर प्रवेशाच्या मुलाखतीत कात्रणांची वहीच बोलते. ज्यांना बारावीनंतर थेट भोपाळला जाण्याची निश्चिती वाटते, त्यांनी खुशाल जावे. मात्र मराठी वाचन सोडू नये.

वाचनालयांना यात काय करता येईल, याचा उल्लेख करून हे विवेचन पुरे करणे उचित होईल. प्रत्येक जुन्या वाचनालयात वृत्तपत्रांचे गठ्ठे रद्दीत काढण्याची वेळ दर काही वर्षांनी येते. निदान खेळाच्या पानांचे खंड बांधून ठेवावेत. तीन भाषांतील वृत्तपत्रे शेजारी शेजारी ठेवावीत, म्हणजे एकाच सामन्याची तीन वृत्ते ताडून पाहता येतील. क्रीडाविषयक पुस्तकांचे एक कपाट करावे, आणि वृत्तपत्र उलटे धरून वाचणाऱ्या मुलाला कोणी हटकू नये. मँचेस्टरच्या ग्रंथालयात बसलेल्या त्या मुलाला कोणी उठविले नाही, म्हणून कार्डस घडला. पांढुर्णा-सौंसरच्या मुलालाही महाविद्यालय निवडण्याआधी काही वर्षे बसावयास एक बाक आणि वाचावयास एक पान लागणार आहे.